उशिराची चिठ्ठी शिक्षकांनीच द्यावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घंटा झाल्यावरही वर्ग न सोडणारे शिक्षक प्रत्येक शाळेत एखाददुसरे असतातच, आणि त्यांच्याविषयी पालकसभेत कोणी बोलू लागले की 'शिकवतात ना, मग पाच मिनिटे जास्त शिकवले तर बिघडले कुठे?' असे म्हणून तो विषय बहुतेक वेळा हसण्यावारी नेला जातो. तासाला वेळेवर न येणारे, आले तरी खुर्चीत बसून वेळ काढणारे शिक्षक ज्यांनी पाहिले आहेत, त्या पालकांना जास्त शिकवणारा शिक्षक ही तक्रारीची बाब वाटू नये, हे मी समजू शकते. परंतु अनेक वर्षे शाळेचे वेळापत्रक बसवण्याचे आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून ते पाळून घेण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे ही पाच मिनिटे नेमकी कोणाच्या वाट्यातून जातात हे मला जवळून पाहायला मिळाले, आणि त्यावर एक साधी, बिनखर्चाची सूचना मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. घंटेनंतर मुलांना थांबवून ठेवणाऱ्या शिक्षकाने पुढच्या तासाच्या शिक्षकांसाठी स्वतःच्या सहीची चिठ्ठी मुलांच्या हाती द्यावी, आणि शाळेने ही चिठ्ठी बंधनकारक करावी, एवढीच ती सूचना आहे.

ती का करावीशी वाटते, हे कळण्यासाठी घंटेनंतरचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा लागेल. फळ्यावर उदाहरण अर्ध्यावर आले आहे, घंटा होते, आणि सर पाठमोरेच म्हणतात, 'दोन मिनिटं, एवढं संपवू.' मागच्या बाकांवर दप्तरांच्या चेनी वाजू लागतात. पुढच्या तासाच्या बाई तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा सावरत दाराबाहेर येऊन उभ्या राहतात, सर त्यांच्याकडे पाहून ओशाळे हसतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. उदाहरण संपते तेव्हा गृहपाठ सांगायचा राहिल्याचे लक्षात येते. 'स्वाध्याय तीनमधले प्रश्न चार ते' एवढेच शेवटच्या तीन बाकांवरच्या वह्यांत उतरते, कारण पुढचे शब्द व्हरांड्यातल्या गलक्यात कोणाला ऐकूच येत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी गृहपाठ अपुरा का, म्हणून त्याच तीन बाकांना उभे केले जाते.

हा वर्ग जागेवरच बसणारा असेल तर निदान उशीर कोणामुळे झाला हे पुढच्या बाईंना डोळ्यांनी दिसते. पण पुढचा तास प्रयोगशाळेत, मैदानावर किंवा संगणक कक्षात असेल, तर मुले धापा टाकत तिथे पोहोचतात आणि 'ही काय यायची वेळ झाली?' हे ऐकतात. या प्रश्नाला मुलाने द्यायचे उत्तर कोणतेही असले तरी ते त्याच्या अंगाशी येते. 'आधीच्या सरांनी सोडले नाही' असे सांगावे तर चहाडी केल्यासारखे होते, शिवाय 'नेहमीची सबब' म्हणून ते उडवून लावले जाण्याची शक्यता असते. गप्प राहावे तर उशिराचा शेरा डायरीत चढतो. म्हणजे एका मोठ्या माणसाने घेतलेल्या निर्णयाचा जाब दुसरे मोठे माणूस विचारते, आणि तो विचारते त्या निर्णयात काडीचाही हात नसलेल्या मुलाला. माझ्या मते या प्रश्नातला खरा अन्याय हा आहे; गेलेली मिनिटे हा त्यानंतरचा भाग झाला.

अर्थात मिनिटांचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. 40 मिनिटांच्या तासात 5 मिनिटे म्हणजे आठवा भाग. एखाद्या वर्गाच्या वेळापत्रकात एका विषयामागे रोज एकच दुसरा विषय लागून येत असेल आणि पहिला विषय रोज पाच मिनिटे लांबत असेल, तर दर आठ दिवसांनी दुसऱ्या विषयाचा एक पूर्ण तास नाहीसा होतो. 200 दिवसांच्या वर्षात असे 25 तास होतात. वेळापत्रक करताना एका एका तासासाठी शिक्षक कसे भांडतात, हे ज्यांनी शिक्षक कक्षात अनुभवले आहे त्यांना 25 तास म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. गंमत अशी की एरवी एका तासासाठी भांडणारा शिक्षक या रोजच्या पाच मिनिटांबद्दल मात्र सहकाऱ्याला अवाक्षर बोलत नाही. आधीच्या तासाचे सर वयाने मोठे असतात, सेवाज्येष्ठ असतात, उद्या त्यांच्याकडेच रजेच्या बदली तासासाठी जायचे असते. मग ती चडफड दारातून आत येताच वर्गावर निघते.

पुढे तास नसून सुट्टी असेल, तर दाराबाहेर उभे राहणारेही कोणी नसते, आणि म्हणूनच मधल्या सुट्टीच्या आधीचा तास सर्वांत जास्त लांबतो, असे माझे निरीक्षण आहे. ही सुट्टी म्हणजे शाळेने मुलांना दिलेली मेहेरबानी आहे, ती थोडी कापली तर चालते, असा एक समज शिक्षकांत खोल रुजलेला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2013 मध्ये शाळेतील सुट्टीविषयी जे धोरणात्मक निवेदन प्रसिद्ध केले, त्यात नेमकी उलट भूमिका घेतली आहे: ही वेळ मुलाची स्वतःची असते आणि अभ्यासाच्या किंवा शिक्षेच्या कारणासाठी ती काढून घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम 31 मध्येही विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हे मुलाचे हक्क म्हणून नोंदवलेले आहेत. पण हे दाखले नसते तरी मला फरक पडला नसता, कारण सुट्टीच्या पहिल्या पाच मिनिटांत मुले काय करतात हे कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून पाहता येते. ती स्वच्छतागृहाकडे धावतात. तिथे रांग असते. उशिरा सुटलेला वर्ग रांगेच्या शेवटी उभा राहतो, आणि मग डबा खायचा की रांगेत थांबायचे यातले एकच काहीतरी होते. मासिक पाळी सुरू असलेल्या, नुकत्याच वयात आलेल्या मुलीला घंटेकडे डोळे लावून बसावे लागते, आणि 'सर, जाऊ का?' असे साऱ्या वर्गादेखत विचारणे तिला त्या वयात किती अवघड जाते, याची कल्पना फळ्याकडे तोंड करून दोन मिनिटे मागणाऱ्या शिक्षकाला सहसा नसते. ती असती तर त्यांनी वर्ग अडवला नसता, इतका विश्वास माझा माझ्या व्यवसायबंधूंवर आहे.

शेवटच्या तासाचा प्रकार आणखी वेगळा. तिथे शाळेची बस असते, धाकट्या भावंडाला त्याच्या वर्गातून घ्यायचे असते, फाटकाबाहेर उभे असलेले आजोबा असतात. एक वर्ग आला नाही म्हणून सगळी बस खोळंबते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण बाहेरची माणसे ताटकळली की तक्रार लगेच येते आणि तिची दखलही घेतली जाते. आतल्या आत जे ताटकळतात त्यांचीच दखल कोणी घेत नाही.

आता हे शिक्षक असे का करतात, याबद्दल. त्यांच्यातले फार थोडे दुष्टपणाने वागतात, आणि पुष्कळसे तर शाळेतले चांगले, रंगून शिकवणारे शिक्षक असतात. त्यांचा अंदाज चुकतो, आणि तो रोज एकाच दिशेने चुकतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये माणसाच्या या खोडीची मांडणी केली: हाती घेतलेल्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना आपण तेच काम पूर्वी प्रत्यक्षात किती लांबले होते याकडे पाहतच नाही, आजची योजना सुरळीत पार पडेल असे गृहीत धरतो. कानेमन यांनी स्वतःचाच एक किस्सा पुढे लिहून ठेवला आहे, आणि तो योगायोगाने शाळेशी संबंधित आहे. निर्णय कसे घ्यावेत हा विषय शाळेत शिकवता यावा म्हणून ते आणि त्यांचे सहकारी अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करीत होते. काम साधारण दोन वर्षांत होईल असा सर्वांचा अंदाज होता, आणि प्रत्यक्षात आठ वर्षे लागली. असे अंदाज का चुकतात याचा अभ्यास करणाऱ्यांचीच ही कथा असेल, तर फळ्यापुढच्या सरांच्या 'दोन मिनिटां'ना फार दोष देण्यात अर्थ नाही. पण कानेमन यांनी त्यावर सुचवलेला उपाय शिक्षकांना लागू पडतो. आजच्या तासाचा अंदाज आजच्या उत्साहावरून बांधू नये, गेल्या दहा तासांत काय घडले त्यावरून बांधावा. ज्यांचा तास नेहमी पाच मिनिटे लांबतो, त्यांनी 35 मिनिटांचा पाठ आखावा, आणि गृहपाठ शेवटी न सांगता तास सुरू होतानाच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकावा. एवढ्या एका बदलाने माझ्या माहितीतल्या निम्म्या शिक्षकांचे तास वेळेवर संपू लागले असते, असे मी खात्रीने म्हणते.

पोर्शन राहिला, ही सबब मात्र मी इतक्या सहज मान्य करणार नाही. पोर्शन राहतो हे खरे आहे. स्नेहसंमेलन, परीक्षा, शिक्षकांवर येऊन पडणारी वर्गाबाहेरची कामे यांत तास बुडतात, आणि वर्षाच्या अखेरीस धडे शिक्षकाच्या डोक्यावर येऊन बसतात. परंतु त्यासाठी जादा तास घेण्याची रीतसर सोय असते: आधी कळवायचे, पालकांना डायरीत लिहून द्यायचे, मोकळा वर्ग मागून घ्यायचा. यात खटपट आहे, म्हणून कित्येक जण ती टाळून रोज पुढच्या तासाचा कोपरा कुरतडतात. शिवाय त्या मिनिटांत शिकवलेले मुलांच्या पदरात किती पडते? घंटा झाल्याक्षणी मुलांचे मन वर्गातून उठलेले असते. शरीर तेवढे बाकावर असते. त्या अवस्थेत सांगितलेले सूत्र पुढच्या तासाला पुन्हा सांगावेच लागते, म्हणजे पोर्शन पुढे सरकला हेही खरे नसते.

मुख्याध्यापकांनी कोणाही शिक्षकाला बोल लावण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. एक म्हणजे घड्याळे. वर्गातले भिंतीवरचे घड्याळ, कार्यालयातले घड्याळ आणि शिक्षकांचा मोबाइल या तिन्हींत चार मिनिटांचा फरक असलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. इमारतीच्या पलीकडच्या टोकाला, पंखे सुरू असताना, घंटा ऐकूच येत नाही असे वर्गही असतात. दुसरी गोष्ट उशिराच्या साखळीची. तिसऱ्या तासाचे सर वर्ग उशिरा सोडतात याचे कारण कधी कधी असे निघते की दुसऱ्या तासाच्या बाईंनी त्यांना वर्ग उशिरा दिलेला असतो, आणि त्या बाई दुसऱ्या मजल्यावरचा पहिला तास संपवून धावत आलेल्या असतात. वेळापत्रक बसवताना एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला काही वेळ लागतो, हे आम्ही मंडळी बहुधा विसरतो; कागदावर एक तास 10 वाजून 40 मिनिटांनी संपतो आणि दुसरा त्याच मिनिटाला सुरू होतो. हा दोष वेळापत्रक करणाराचा आहे, आणि तो वेळापत्रकातच दूर केला पाहिजे. तरीही उशिरा मिळालेला वर्ग उशिरा सोडायचा, हा न्याय मला मान्य नाही. साखळी कुठेतरी तुटलीच पाहिजे; ती कोणी तोडली नाही, तर सगळा साठलेला उशीर शेवटी सुट्टीवर येऊन आदळतो, म्हणजे पुन्हा मुलांवर.

शिक्षा म्हणून वर्ग थांबवून ठेवणे हा प्रकार या सगळ्याहून निराळा, आणि त्याबद्दल माझे मत कडक आहे. 'ज्याने शीळ घातली तो उभा राहीपर्यंत कोणी घरी जाणार नाही' असे म्हणून चाळीस मुलांना बसवून ठेवणारे शिक्षक अजूनही आहेत. सामूहिक शिक्षेला जिनिव्हा करारात बंदी आहे, असे आजची हुशार मुले शिक्षकांना ऐकवतात; ते 1949 च्या चौथ्या कराराचे कलम 33 होय, पण ते युद्धकाळातील नागरिकांच्या संरक्षणासाठी आहे आणि इयत्ता नववीला लागू पडत नाही, हे त्या मुलांना समजावून सांगावे लागते. त्यांचा कायदा चुकला तरी त्यांची तक्रार चुकत नाही. शीळ घालणारा उभा राहत नाही, त्याचे नाव सांगणाऱ्याला पुढे वर्षभर वर्गात तोंड वर काढता येत नाही, आणि ज्यांनी काहीच केले नाही अशा 39 मुलांचा शिक्षकांच्या न्यायबुद्धीवरचा विश्वास त्या वीस मिनिटांत उडतो. बालहक्क संहितेच्या कलम 28 मध्ये शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी, असे म्हटले आहे. ज्याची चूक आहे त्याला, त्याच्या पालकांना आधी कळवून, ठरलेल्या वेळी थांबवून घेणे या चौकटीत बसू शकेल. साऱ्या वर्गाला ओलीस धरणे बसणार नाही.

'घंटा माझ्यासाठी असते, तुमच्यासाठी नाही. मी सांगेन तेव्हा उठायचे' हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. मला ते वाक्य मान्य आहे. वर्ग हाती असेपर्यंत मुलांची जबाबदारी शिक्षकावर असते, आणि घंटेसरशी चाळीस मुले दाराकडे धावली तर कोणीतरी पडेल, हेही खरे आहे. वर्ग शिक्षकाच्या परवानगीनेच सुटला पाहिजे. पण घंटा शिक्षकासाठी आहे असे एकदा म्हटले की ती पाळण्याचे बंधनही शिक्षकावरच येते, वाक्याचा हा उत्तरार्ध मात्र कोणी उच्चारत नाही.

म्हणूनच मुलांना माझा सल्ला असा राहील की, घंटा झाली म्हणून परवानगीवाचून उठून जाऊ नये, चेनी वाजवू नयेत, एकसुरात 'सर, घंटाऽऽ' असे ओरडू नये. त्याने शिक्षकांचा हेका वाढतो आणि वर्ग आणखी थांबतो. विनंती घंटेच्या वेळी न करता तास सुरू होतानाच करावी. 'सर, आज पुढच्या तासाला आमची प्रयोगाची परीक्षा आहे, वेळेवर सोडाल का?' असे एका मुलाने नीट जाऊन विचारले, तर नाही म्हणणारा शिक्षक विरळा. रंगून शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात घंटेला पाच मिनिटे उरली की वर्गप्रमुखाने हात वर करावा, असे त्यांच्याच संमतीने ठरवून घेता येते, आणि अशा शिक्षकांना ती आठवण बहुधा आवडतेच. याने भागले नाही, तर दोन-तीन आठवडे वहीत तारीख, तास आणि किती मिनिटे जास्त गेली एवढेच टिपून ठेवावे, त्यात विशेषणे नकोत, आणि ती वही घेऊन वर्गशिक्षकांकडे जावे. 'सर रोज उशीर करतात' या वाक्यावर वाद होतो. बारा दिवसांच्या आकड्यांवर तो होत नाही. मोबाइलवर गुपचूप चित्रण करून ते पालकांच्या गटावर फिरवणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यातून वेळेचा प्रश्न बाजूला पडतो आणि चित्रण करणाऱ्या मुलाची चौकशी सुरू होते.

पालकांनीही थेट मुख्याध्यापकांच्या दालनात शिरण्याऐवजी आधी त्या शिक्षकांना भेटावे, आणि आपल्या मुलाचे नाव पुढे न करता दोन-तीन पालकांनी मिळून भेटावे, कारण एकट्या मुलाचे नाव पुढे आले की वर्गात त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते ही भीती पूर्णपणे निराधार नाही. भेटताना 'तुमचा तास मुलांना आवडतो, पण पुढच्या तासाला त्यांना उशिराचा शेरा मिळतो' असे सांगितले, तर शिक्षकांना बहुधा ती गोष्ट प्रथमच कळते. आपण सोडलेली मुले पुढे कोणासमोर उभी राहतात, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

चिठ्ठी हे काम रोजच्या रोज करते. चिठ्ठीवर चारच गोष्टी हव्यात: तारीख, इयत्ता आणि तुकडी, वर्ग किती वाजता सोडला ती वेळ, आणि शिक्षकाची सही. कारण लिहिण्याची गरज नाही. कारण विचारले की सबबी सुरू होतात. ही चिठ्ठी वर्गप्रमुखाने पुढच्या शिक्षकांच्या हाती द्यावी, आणि ती मिळाल्यावर त्या वर्गातल्या कोणाही मुलाला उशिराबद्दल बोलायचे नाही, शेरा द्यायचा नाही, हा नियम असावा. चिठ्ठी नसेल आणि सगळा वर्ग एकत्र उशिरा आला असेल, तर पुढच्या शिक्षकाने मुलांना न विचारता आधीच्या शिक्षकांना विचारावे. आठवड्याच्या शेवटी या चिठ्ठ्या पर्यवेक्षकांकडे जमा झाल्या की कोणत्या तासाला, कोणत्या मजल्यावर, कोणत्या शिक्षकांकडे उशीर साठतो आहे हे आपोआप समोर येते. घड्याळ चुकीचे असेल तर तेही त्यातच कळते, आणि दोन इमारतींमधले अंतर विसरून केलेले वेळापत्रकही उघडे पडते. मुलाला कोणाविरुद्ध तोंड उघडावे लागत नाही, ही तिची सर्वांत मोठी सोय.

यावर शिक्षक कक्षात काय म्हटले जाईल, हे मी ऐकू शकते. आधीच कागदांचे डोंगर आहेत, त्यात हा आणखी एक; आणि अशा चिठ्ठ्या लिहायला लावणे म्हणजे शिक्षकावर पहारा बसवणे. पहाऱ्याचा आक्षेप मी गंभीरपणे घेते, आणि म्हणूनच या चिठ्ठ्यांचा उपयोग वार्षिक मूल्यमापनात करू नये, त्या पर्यवेक्षकांच्या टेबलापलीकडे जाऊ नयेत, असे शाळेने लेखी ठरवावे. कागदांबद्दल मात्र एवढेच म्हणेन की, वेळेवर वर्ग सोडणाऱ्या शिक्षकाला वर्षभरात एकही चिठ्ठी लिहावी लागणार नाही. ज्यांना दर दिवशी लिहावी लागेल त्यांना ती लिहिण्याचा कंटाळा येईल, आणि तो यावा अशीच माझी इच्छा आहे.

चिठ्ठ्यांचे कोरे पुस्तक शिक्षक कक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येक वर्गातल्या टेबलाच्या खणात ठेवावे. शिक्षक कक्षात ठेवले, तर ते आणायला एका मुलाला धाडले जाईल आणि तोवर बाकीचा वर्ग आणखी चार मिनिटे बसून राहील. नवे वेळापत्रक लागू होण्याच्या दिवशीच हे पुस्तक वाटले, तर अर्ध्या वर्षात नियम बदलल्याची कुरबुरही होणार नाही.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका